माझी पट्टी काढा

सर, सोमवारी तुम्ही वर्गात बोललात.

संगणकाच्या खोलीत सातवीचा तास होता. मी फळ्याकडे तोंड करून काहीतरी लिहीत होते आणि पाठीमागे गुडगुड ऐकू आली. तिच्यापाठोपाठ पत्र्याची थरथर. या हिवाळ्यापासून आपल्या डहाणू-तलासरीत त्या आवाजाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. बाकं सरकली, पोरं दाराकडे वळली. मी खडू टाकून "बाहेर, बाहेर" म्हणणार, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "थांबा. पळू नका. तिला तिचं आवर्तन पुरं करू द्या." सगळी पोरं जागच्या जागी थांबली. दाराशी पोचलेली दोघंसुद्धा. मग तुमचं ते घसा खाकरणं, तो लांबवलेला "हंऽऽ", आणि "चला."

आणि पोरं गायला लागली हो! कोणी कोणाकडे पाहिलं नाही. तुम्ही चला म्हणालात म्हणून सगळ्यांनी तोंड उघडलं आणि पहिली ओळ गाऊन टाकली. मग एकेकाच्या लक्षात आलं. एकेक आवाज गळत गेला. शेवटी फक्त संगणकातली तीच पोरं गात राहिली आणि खोलीतली खरी पोरं त्यांच्याकडे बघत उभी.

जमीन हललीच नव्हती. जयूने तंबूतल्या गाण्याची फाइल उघडली होती, एवढंच. तुमची लाडकी जयू. तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "बाई, सरांना माहीत आहे का, ते गेलेत ते?"

तुम्हाला जाऊन महिनासुद्धा झालेला नाही. मी संगणक शिकवणारी बाई, मला भुताखेतांचं काही सांगू नका. कुठला आवाज कुठल्या फाइलमधून येतो ते मला पक्कं ठाऊक आहे. तरीही मी तो तास तिथेच सोडून दिला आणि हातपंपावर जाऊन उगाचच पाणी तोंडावर मारत बसले.

उद्या शनिवारी शाळेत तुमची शोकसभा आहे. तिथे हे गाणं लावायचं ठरलंय. आणि तुमच्या एका वाक्यापायी मी आठवडाभर कात्रीत सापडले आहे. ते वाक्य तुम्हीच मला बोललात आणि अर्थ सांगायच्या आत निघून गेलात. कमाल आहे तुमची. आयुष्यभर प्रत्येक गोष्ट तीनतीनदा समजावून सांगणारा माणूस, आणि नेमकं हेच अर्धं सोडलंत.

भांडण तर पहिल्याच दिवशी झालं होतं आपलं. मुंबईच्या कुठल्याशा संस्थेने शाळेला वापरलेले संगणक दिले, एक माइक दिला आणि शाळेच्या गाण्याच्या तासासाठी बनवलेलं ते सॉफ्टवेअर दिलं. ज्याला गाण्यातलं काही येत नाही त्यालाही पहिल्या तासाला काहीतरी वाजवता यावं, असं. पडद्यावर आडव्या पट्ट्या, एकाखाली एक. एका पट्टीत ढोलकी, एकीत घुंगरू, एकीत आपला स्वतःचा आवाज. आवाजाचे तुकडे रंगीत विटांसारखे उचलायचे आणि पट्टीवर मांडायचे. त्याचं प्रशिक्षण मला मिळालं, कारण संगणकाची बाई मी. गाण्याचे सर तुम्ही. हेडसर म्हणाले, दोघांनी मिळून करा. तुम्ही चष्म्यावरून पडद्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "अहो बाई, आमच्या पोरांचे आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. आता गाण्याचीही भट्टी लावता का?"

पोरं हसली. मला मात्र राग आला. मी म्हटलं, "सर, पेटी एकच आहे आणि ती तुमच्या मांडीवर. चाळीस पोरांनी बोटं कुठे ठेवायची?" पुढच्या तासाला तुम्ही मागच्या बाकावर येऊन बसलात, पोरांसारखे. चप्पल तेवढी पायात ठेवून. तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

पेटीसमोर तुम्ही कधी चप्पल घालून बसला नाहीत. वर्गात पेटी आली की दाराबाहेर चपलांची रांग लागायची. उशिरा आलेल्या निरीक्षकांनाही तुम्ही बूट काढायला लावलेत आणि हेडसरांचा जीव टांगणीला लावलात. पण संगणकाच्या खोलीत तुम्ही चपला घालून यायचात. मी एकदा टोमणा मारला, "इथे सरस्वती नाही वाटतं?" तुम्ही गंभीर चेहऱ्याने म्हणालात, "अजून आलेली दिसत नाही. आली की काढतो."

मग पट्टीचा तो गोंधळ. आठवतोय ना? मला तो अजून अर्ध्या वाटेत आठवतो आणि एसटीत लोक माझ्याकडे बघायला लागतात. इंग्रजी शब्द पोरांना नकोत म्हणून मी पडद्यावरच्या त्या आडव्या रेघेला पट्टी म्हणायला लागले. आणि तुमच्या शास्त्रात पट्टी म्हणजे कोणत्या सुरापासून गायचं तो सूर, काळी एक, काळी चार, पांढरी दोन. पोरं गाणं फार वर धरून गात होती, किंचाळत होती. तुम्ही मागून ओरडलात, "पट्टी बदला!" पोरांनी इमानदारीत खालची पट्टी निवडली आणि त्याच वरच्या सुरात पुन्हा किंचाळली. "अरे पट्टी बदला म्हणतोय ना!" पुन्हा खालची पट्टी. बघता बघता पडदा पट्ट्यांनी भरला आणि प्रत्येकीत तेच किंचाळणं. मी टेबलावरची लाकडी पट्टी आपटून "गप्प बसा" म्हटलं, तर पुढच्या बाकावरचा रमेश म्हणतो, "बाई, आता ही कितवी?"

तुम्ही इतके हसलात की डोळे पुसायला रुमाल काढलात. त्या दिवशी आपला तह झाला. तुमची ती पेटीची पट्टी, माझी ती पडद्याची पट्टी. पण तह कसला, रंगात आलात की नुसतं पट्टी म्हणायचात आणि पोरांनी अंदाज बांधायचा.

तुमचा आणखी एक शब्द होता. नवं पोर वर्गात आलं की तुम्ही म्हणायचात, "ये, तुझी पट्टी काढू." त्याला त्याच्या आवडीचं काहीही गायला लावायचं, डोळे मिटून ऐकायचं, पेटीवर बोटं सरकवत त्याच्या गळ्याला सोसेल तो सूर शोधून काढायचा. मग त्याला सांगायचं, "ही तुझी. विसरू नकोस." रानशेतची जयू आली तेव्हा तोंडातून शब्द काढत नव्हती. तुम्ही तिला म्हणालात, "गाऊ नकोस. तुझ्या आईला शेतातून हाक कशी मारतेस, तशी मार." तिने हाक मारली आणि तुम्ही म्हणालात, "काळी चार! हाक मारायला शिकलेल्या पोरीला गाणं काय शिकवायचं?" तेव्हापासून ती तुमच्या पेटीला चिकटली.

आणि हेडफोन! त्यावरून तर आपण शेवटपर्यंत भांडलो. पद्धत अशी की आधी कोणीतरी गाण्याची वाट आखून द्यायची. तुम्ही पेटी वाजवत गाणं म्हणायचात, ती पहिली पट्टी. पोरांनी तिला नाव दिलं वाटाड्या. मग पोरांनी तो वाटाड्या हेडफोनवर ऐकत माइकमध्ये गायचं, म्हणजे माइकमध्ये फक्त पोरांचा आवाज जातो. सगळ्यांच्या पट्ट्या झाल्या की वाटाड्या काढून टाकायचा. मी हे सांगितलं तेव्हा तुमचा चेहराच उतरला. "म्हणजे वाट दाखवून घ्यायची आणि हाकलून द्यायचं? वा! छान संस्कार."

"सर, ती पद्धत आहे."

"असेल. पण कान झाकून गाणं? शेजारचा बेसूर झाला ते कळणार कसं? शेजारी आहे हे तरी कळणार कसं?"

तुम्ही हेडफोन कपाटात टाकलेत आणि वाटाड्या सरळ स्पीकरवर लावलात. मी डोकं आपटून सांगितलं, "अहो, स्पीकरवरचा तुमचा आवाज माइकमध्ये शिरतो. पोरांची पट्टी स्वच्छ राहत नाही."

"स्वच्छ राहायला ती काय गाडीची काच आहे?"

मी दर वेळी पोरांच्या पट्ट्या उघडून बघायची आणि मागे तुम्ही असायचात, पुसट, लांबून, भिंतीपलीकडून बोलल्यासारखे. मी चरफडायची. तुम्ही चहा पीत बसायचात.

मग हा हिवाळा आला. दिवाळी झाली आणि जमीन हलायला लागली. आधी पोटातून गुडगुड, मग धक्का, मग कौलांचा आवाज. घरात झोपायला लोक तयार होईनात. शाळेच्या एका भिंतीला तडा गेला आणि वर्ग मैदानात तंबूत आले. संगणकही बाहेर काढले, स्टाफरूममधून लांबलचक वायर ओढून. पोरं कशातच मन लावत नव्हती. मधेच कोणी बाक जरा सरकवला तरी सगळी उठून पळायची. रमेश तर एकदा एसटीचा आवाज ऐकून पळाला.

तंबूतल्या पहिल्या तासाला तुम्ही मैदान ओलांडून आलात आणि मी बघतच राहिले. तंबूच्या बाहेर थांबलात. वाकलात. चपला काढून एकाशेजारी एक ठेवल्यात. आत पेटी नव्हती, ती अजून स्टाफरूममध्येच होती. आत फक्त संगणक होता. पोरांनी एकमेकांना ढोसलं आणि बाहेर जाऊन आपापल्या चपला काढून आली.

तो माझ्या आयुष्यातला फार मोठा दिवस होता, सर. मला तो तुम्हाला सांगायचा राहिला. वाटलं, आत्ता बोलले तर हे पेटीवाले गृहस्थ लाजून पुन्हा चपला घालतील.

तुम्ही पोरांना म्हणालात, भीती वाटते ना, मग तिचंच गाणं करू. ओळी पोरांनीच जुळवल्या. "भिंत हलली, पाटी हलली, सरांची पेटी हलली, आम्ही नाही हललो!" खोटं होतं ते, सगळ्यात आधी तीच हलायची. पण गाताना छाती फुगवून गायची. विटांमधून त्यांनी ढोलकी निवडली, मधे घुंगरू घातला, जयूने शेवटी एक हाक घातली, तीच, शेतातली. आणि वाटाड्या तुमचा. तुम्ही पेटी पुढ्यात घेतलीत, मी माइक सुरू केला आणि तेवढ्यात खालून गुडगुड. पेटीच्या पत्र्याच्या डब्याचं झाकण थरथरलं. पोरं उठली. तुम्ही भात्यावरचा हात न काढता म्हणालात, "थांबा. पळू नका. तिला तिचं आवर्तन पुरं करू द्या." ती पुरी होईपर्यंत तुम्ही वाट बघितलीत. जणू ती तबल्यावर बसली होती आणि सम तिला द्यायची होती. मग खाकरलात, "हंऽऽ" केलंत आणि म्हणालात, "चला."

मी म्हटलं, सुरुवातीचं बोलणं कापून टाकते. तुम्ही म्हणालात, "राहू द्या. जमिनीखालच्या त्या बाईनेही आत्ता साथ केली आहे." मग तुम्ही तो वाटाड्या स्पीकरवर मोठ्याने लावलात आणि पोरांकडून आपापल्या पट्ट्या गाऊन घेतल्यात. प्रत्येक वेळी आधी ती गुडगुड, आधी ते "थांबा, पळू नका." पहिल्यांदा दचकली, दुसऱ्यांदा हसली, नंतर तुमच्या "थांबा"बरोबर स्वतःच थांबा म्हणायला लागली. त्या आठवड्यात खरा धक्का बसला तेव्हा एकही पोर पळालं नाही. उभं राहून मोजल्यासारखं थांबलं, आणि कोणीतरी मागून म्हणालं, "चला."

तुमच्या पायाला तार लागली ती त्याच मैदानात. तंबूच्या खुंटीची होती की आणखी कशाची, कोण जाणे. शुगरमुळे तुमच्या पायांना काही कळेनासं झालं होतं, हे तरी आम्हाला कुठे माहीत होतं? सतरंजीवर लाल डाग जयूने बघितला. तुम्ही "मेंदी लागली असेल" म्हणून टाळलंत. मग पायाला पट्टी आली, मग लंगडणं आलं, तरी तंबूबाहेर चप्पल काढायचीच. मी ओरडले, "अहो, निदान पट्टी आहे तोवर तरी चप्पल घाला!" तुम्ही विचारलंत, "कोणती पट्टी, बाई?" आणि स्वतःच हसलात.

सर, तुम्हाला खरं सांगते. तुम्ही माझ्या संगणकापुढे चप्पल काढलीत आणि त्यातून हे झालं, हा विचार येऊन गेला. येऊन गेला म्हणजे ठाण मांडून बसला. मी त्याला घालवला. तुम्ही मान देत होतात, आणि तो मान मी परत करणार नाही. तुम्ही असतात तरी माझं हेच म्हणणं असतं.

तडा बुजवून वर्ग पुन्हा खोल्यांत गेले तेव्हा तुम्ही वापीच्या दवाखान्यात होतात. तिथे मी तुम्हाला भेटायला आले ती शेवटची. वहिनी खाली औषधं आणायला गेल्या होत्या. नर्स नुकतीच पायाची पट्टी बांधून गेली होती आणि ती घट्ट झालीय म्हणून तुम्ही कुरकुरत होतात. तुमचं मन रमावं म्हणून मी गाण्याचं बोलत बसले. म्हटलं, सगळ्यांच्या पट्ट्या झाल्या, ढोलकी बसली, आता फक्त तुमचा वाटाड्या तेवढा राहिलाय, त्याचं काय करू? तुम्ही डोळे मिटून काहीतरी गुणगुणत होतात. आवाज खूप खाली गेला होता, तो तुमचा वाटतच नव्हता. मग डोळे उघडलेत, माझ्याकडे नीट बघितलंत आणि म्हणालात, "बाई, माझी पट्टी काढा."

मी विचारलं, "कोणती, सर?"

तुम्ही हसलात. तेच, आपल्या तहाचं हसू. तेवढ्यात वहिनी आल्या, डॉक्टर आले, मला बाहेर पाठवलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही बोलायच्या पलीकडे गेला होतात.

कोणती, सर? पाय आवळत होता म्हणून ती पायाची? की वाटाड्याचं विचारलं म्हणून ती पडद्याची? की गुणगुणताना सूर सापडेना म्हणून, नव्या पोराची काढतात तशी, तुमच्या त्या खोल गेलेल्या गळ्याची पट्टी काढा म्हणत होतात? मी तर पेटीला हातही लावलेला नाही कधी. माझ्याकडे कशाला मागितलीत?

सोमवारच्या प्रकारानंतर हेडसरांनी बोलावलं. म्हणाले, "शोकसभेत तो आवाज नको. वहिनी समोर बसणार. कल्पना करा." मंगळवारी जयूची आई शाळेत आली. भांडायला आली नव्हती बिचारी, पदराचं टोक हातात धरून उभी होती. म्हणाली, "बाई, पोर जेवत नाही. सर फार चांगले होते. पण गेलेल्या माणसाला असं बोलतं ठेवू नये. त्याला पुढची वाट सापडत नाही." मी होला हो केलं आणि ती गेल्यावर हसू आलं, मग रडू आलं. वाटाड्यालाच वाट सापडत नाही!

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, एक प्रत बाजूला ठेवायची आणि काढायची. मला काय कळत नाही? पण तुमचा आवाज जगात आता एवढ्याच एका ठिकाणी आहे. फोनवर तुम्ही "हॅलो, ठेवतो" याच्यापुढे कधी बोलला नाहीत, आणि फोटोला उभे राहायचात ते तोंड मिटून. प्रत ठेवायची म्हणजे मी ती रोज ऐकणार, मला माझी खात्री आहे. आणि तुम्ही काढा म्हणालात, लपवा म्हणाला नाहीत. काढायची तर खरी काढायची. न काढावी, तर मरणाऱ्या माणसाचा शब्द मोडला. काढावी, आणि तुम्ही पायाची म्हणत असलात, तर? मग मी तुम्हाला स्वतःच्या हाताने पुसून टाकलं. माझा हात माउसवर जायचा आणि मागे यायचा. असा आठवडा गेला.

काल वाणगावला वहिनींकडे गेले. ओसरीवर तुमची पेटी, वर धुतलेला टॉवेल टाकून. मी आडपडदा न ठेवता सगळं विचारलं. वहिनी तांदूळ निवडत होत्या. सूप त्यांनी उजेडाकडे सरकवलं. मग म्हणाल्या, "पायाची तर मीच काढली. शेवटी आंघोळ घालताना. ती राहिली नाही."

मी म्हटलं, "मग संगणकातली?"

"तुमच्या सरांचा आवाज मला समोरून नको, बाई. समोर आले तर मी उठून जाईन." एक खडा त्यांनी अंगणात टाकला. "घरात ते मागून असायचे. मी चुलीशी, ते ओसरीवर, काहीतरी हं हं चाललेलं. शब्द कधी कळायचे नाहीत. तसे असतील तर चालतील."

तसे कसे ठेवू, वहिनी? असं मनात म्हणतच मी उठले. पण निर्णय झाला होता. निघताना त्यांनी पेटी माझ्या हातात दिली. "शाळेची आहे ना. पोरं वाजवतील."

आज दुपारी, तास संपल्यावर, संगणकाच्या खोलीत मी आणि जयू. तिला मीच थांबवून घेतलं, कारण भीती कुठून येते ते तिने डोळ्यांनी बघावं. दाराबाहेर दोघींनी चपला काढल्या. फाइल उघडली. सगळ्यात वर तुमची पट्टी, जांभळ्या रंगाची, तिच्या सुरुवातीला त्या गुडगुडीचा खडबडीत डोंगर. मी जयूला विचारलं, "काढू?" ती म्हणाली, "सरांनी सांगितलंय ना?" मी म्हटलं, "बहुतेक." आणि काढली. प्रत न ठेवता. पडद्यावर वरची जागा रिकामी झाली. मी ते बटण दाबलेलं बोट दुसऱ्या हातात घट्ट धरून बसले.

जयू म्हणाली, "बाई, लावून बघू?"

लावलं. गुडगुड नाही, काही नाही. रिकामं. मी डोळे मिटले. आणि मग, फार लांबून, भिंतीपलीकडून, "थांबा... पळू नका..."

मी डोळे उघडले. पट्टी नव्हती. जयूने एका पोराची पट्टी बंद केली, तुम्ही दुसऱ्याच्या मागे होतात. ती बंद केली, तिसऱ्याच्या मागे. रमेशच्या मागे, घाबरट सुनीच्या मागे, जयूच्या स्वतःच्या मागे. प्रत्येक पोराच्या पाठीशी, पुसट, शब्द नीट कळू नयेत असे. मागून. ओसरीवरून चुलीपर्यंत यावेत तेवढेच. हेडफोन न वापरल्यामुळे, दुसरं काय! मी तीन वर्षं ज्याच्या नावाने बोटं मोडली तो दोष जसाच्या तसा तिथे होता, आणि मी टेबलावर डोकं ठेवून मोठमोठ्याने रडले. जिंकलात तुम्ही. घ्या. हेडफोन मी त्या कपाटातून कधीच काढणार नाही.

जयू रडली नाही. ती पेटीपाशी जाऊन बसली होती. म्हणाली, "बाई, सरांचा तो हं पुन्हा लावा." मी लावला. ती डोळे मिटून ऐकत होती, तुमच्यासारखीच मान तिरकी करून, बोटं पेटीवर सरकवत. खाली गेली. अजून खाली. तुमचा आवाज खोल, म्हणून मला वाटलं ती पेटीच्या टोकालाच जाणार. "पुन्हा लावा." पुन्हा लावला. "हंऽऽ." तिचं बोट एका काळ्या पट्टीवर थांबलं. दाबून धरलं. पेटी आणि तुम्ही एक झालात, कुठे काही वेगळं उरलं नाही. मग तिने तीच पट्टी वरच्या सप्तकात दाबली, जिथे पोरं गातात, जिथे ती आईला हाक मारते.

"बाई," ती म्हणाली, "काळी चार."

तुमची पट्टी काढली, सर. आमचीच निघाली.